समुद्रसहलीतील सुरक्षा-सराव ज्येष्ठांना सोयीचा कसा करावा

गेल्या काही वर्षांत मुंबईहून गोव्याकडे व लक्षद्वीपकडे मोठी प्रवासी जहाजे सुटू लागल्यापासून आर्वी, दिग्रस, मूल, काटोल अशा विदर्भातल्या गावांतली कुटुंबेही समुद्रसहलीचा बेत करू लागली आहेत. घरातले आजी-आजोबा, निवृत्त शिक्षक किंवा शेतीच्या कामातून थोडे मोकळे झालेले दांपत्य यांना घेऊन जाणारा माणूस तिकिटाची, जेवणाची आणि खोलीची चौकशी बारकाईने करतो. जहाजावर चढल्यानंतर थोड्याच वेळात सर्वांना जो सुरक्षा-सराव, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचे व काय करायचे याची तालीम, करावा लागतो, त्याविषयी मात्र घरी कोणी अवाक्षर काढत नाही. मग रात्रभर रेल्वेत अवघडलेली, नुकतीच कुठे पाठ टेकलेली सत्तरीची बाई कर्कश भोंग्याने दचकून उठते, गर्दीबरोबर जिना उतरते, अनोळखी भाषेतल्या सूचना ऐकत ताटकळत उभी राहते, आणि सांगितलेल्यातले काहीही तिच्या ध्यानात राहत नाही.

अशा वेळी सरावातून सूट मिळवून दिली की वयस्कर माणसाची सोय झाली, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. दुखऱ्या गुडघ्यांच्या, कमी ऐकू येणाऱ्या, मधुमेह असलेल्या माणसालाच प्रसंगी सर्वांत अधिक मदत लागणार असते, म्हणून त्याने सराव इतरांपेक्षा नीट पाहिला पाहिजे. त्याला तो बसून पाहता यावा, ऐकू यावा आणि कळावा अशी व्यवस्था लावणे हे सोबत्याचे काम आहे, आणि त्यातील मोठा भाग गावातच, निघण्यापूर्वी उरकता येतो.

सराव टाळता का येत नाही

प्रवासी जहाजांची सुरक्षा ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराला बांधलेली आहे. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यानंतर १९१४ साली हा करार पहिल्यांदा तयार झाला. आज लागू असलेला करार १९७४ चा असून त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. पूर्वी प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत सराव घेतला तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीतील जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी चिवितावेक्क्या बंदरात चढलेल्या प्रवाशांचा सराव दुसऱ्या दिवशी व्हायचा होता, म्हणजे जहाज आदळले तेव्हा कुठे जमायचे हे त्यांना कोणी दाखवलेलेच नव्हते. या दुर्घटनेनंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून, प्रवासी २४ तासांहून अधिक काळ जहाजावर राहणार असतील तर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव घेणे बंधनकारक झाले. त्यामुळे ‘आमचे आबाजी थकले आहेत, त्यांना झोपू द्या’ ही विनंती मान्य होत नाही, आणि ती करूही नये.

हा इतिहास घरच्या ज्येष्ठांना थोडक्यात पण खराखुरा सांगावा. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत पाण्याची भीती पोकळ नाही. २०२१ साली वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत आणि जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटून माणसे दगावली, हे त्या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या माणसाने अशी बातमी शेजारच्या गावातून ऐकलेली असते, त्याच्या कानावर जहाजाचा भोंगा अचानक पडला तर ‘जहाज बुडते आहे’ हाच अर्थ त्याच्या मनात येतो. त्याच्या भीतीला हसू नये. सराव बहुधा जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच होतो, त्या वेळी जहाज हलत नसते, आणि भोंगा वाजणार हे आधीच जाहीर केलेले असते, एवढे तीन मुद्दे त्याला आदल्या दिवशी कळले तरी छातीतली धडधड निम्म्याने कमी होते.

भोंग्याची खूण साऱ्या जगात एकच आहे: सात किंवा त्याहून अधिक आखूड आवाज आणि त्यानंतर एक लांब आवाज. घरात नातवंडांकडून शिट्टीवर ही खूण आठ-दहा वेळा वाजवून घ्यावी. ‘माय, सात बारके अन् एक लांबा वाजला का आपण उठाचं,’ असे आपल्या बोलीत सांगितलेले वाक्य आजीच्या जितके लक्षात राहते, तितके ध्वनिक्षेपकावरचे इंग्रजी वाक्य राहणार नाही. कानाचे यंत्र वापरणाऱ्यांनी ते सरावात काढू नये. आवाज असह्य वाटला तर यंत्राचा आवाज कमी करून ठेवावा आणि सूचना सुरू होताच पुन्हा वाढवावा.

तिकीट काढताना आणि निघण्यापूर्वी

कोणत्या खोलीतील प्रवाशाने कुठे जमायचे हे जहाजावर खोलीनुसार ठरलेले असते. या जागेला असेंब्ली स्टेशन किंवा मस्टर स्टेशन म्हणतात, आणि तिचे अक्षर किंवा क्रमांक प्रवाशाला मिळणाऱ्या कार्डावर तसेच खोलीच्या दारामागील फलकावर छापलेला असतो. गटातील खोल्या जहाजाच्या दोन टोकांना मिळाल्या तर म्हातारा-म्हातारी एका स्टेशनवर आणि मुलगा-सून दुसऱ्या स्टेशनवर, अशी फारकत होऊ शकते. म्हणून आरक्षण करतानाच खोल्या एकमेकींना लागून मागाव्यात, आणि ज्या ज्येष्ठाला एकट्याने काही उमगणार नाही त्याच्या खोलीत किमान एक जाणते माणूस ठेवावे. खिडकीची महागडी खोली घेण्यापेक्षा याकडे लक्ष देणे मला अधिक मोलाचे वाटते.

दुसरे काम आहे कळवण्याचे. ज्यांना चालताना, जिना उतरताना, ऐकताना किंवा पाहताना अडचण आहे अशा प्रवाशांची नोंद करून ती जहाज सुटण्यापूर्वी कप्तानापर्यंत पोहोचवणे हे सोलासनुसार जहाजाचे कर्तव्य आहे. पण प्रवाशाने सांगितलेच नाही तर नोंद होणार कशी? आपल्याकडे गुडघेदुखी, कमी दिसणे, लघवीचा त्रास या गोष्टी परक्यांपुढे बोलायला माणसे संकोचतात आणि ‘काही नाही, बरा आहे मी’ म्हणून मोकळी होतात. हा संकोच घरातच दूर करावा. अर्जात व्हीलचेअर लागते का, हा प्रश्न आला तर रोज लागत नसली तरी ‘लांब चालणे व जिने जमत नाहीत’ असे स्पष्ट लिहावे. जहाजावर चढताच रिसेप्शनवर जाऊन तीच गोष्ट पुन्हा सांगावी, आणि सरावाच्या वेळी बसायला जागा हवी, जिन्यावर मदत हवी, असे नेमकेपणाने मागावे. ठार बहिऱ्या प्रवाशांसाठी उशीखाली थरथरणारे किंवा प्रकाशाने जागे करणारे साधन अनेक जहाजांवर मिळते. तेही आधी मागितल्यासच खोलीत लावले जाते.

थकवा हा पहिला अडथळा

विदर्भातून निघणाऱ्यांची खरी अडचण अंतराची आहे. विदर्भ एक्स्प्रेस किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने संध्याकाळी-रात्री बसून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचे, तिथून जवळच्या बॅलार्ड पिअरला जायचे, सामानाची व कागदपत्रांची तपासणी करायची, रांगेत थांबायचे आणि दुपारी जहाजावर चढायचे, असा कार्यक्रम बहुतेक जण आखतात. जहाज संध्याकाळच्या सुमारास सुटणार असेल, तर सराव नेमका त्या वेळी येतो जेव्हा ज्येष्ठांच्या अंगात उभे राहण्याची ताकद उरलेली नसते. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक दिवस आधी मुंबईत पोहोचून नातेवाइकांकडे किंवा स्वस्त, स्वच्छ निवासात रात्र काढावी. प्रवासखर्चात यामुळे पडणारी भर सत्कारणी लागते, असे माझे ठाम मत आहे. ते जमत नसेल तर जहाजावर चढल्यावर सगळे मजले पाहून घेण्याची घाई ज्येष्ठांना करू देऊ नये. जेवण करावे, खोली मिळताच तासभर आडवे व्हावे, आणि सरावाची वेळ विचारून त्याच्या अर्धा तास आधी उठवावे.

मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सरावाला जाऊ नये, कारण त्या वेळी खाण्यापिण्याचे काउंटर बंद ठेवतात. खिशात दोन बिस्किटे, चघळायची गोड गोळी आणि हातात पाण्याची लहान बाटली असावी. जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. तोंडात खर्रा किंवा पान असता कामा नये. तिथे नाव व खोली विचारली जाते, सूचना ऐकाव्या लागतात, आणि थुंकायला जागा नसते.

लुगडे, धोतर आणि लाइफ जॅकेट

सरावातील अस्वस्थतेचे मोठे कारण लाइफ जॅकेट आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. काही जहाजांवर जॅकेट खोलीतील कपाटात असते, काहींवर ते असेंब्ली स्टेशनवर ठेवलेले असते; अनेक जहाजांवर आता सरावात फक्त कर्मचारी ते घालून दाखवतात आणि प्रवाशांना घालावे लागत नाही. तरीही प्रत्येक ज्येष्ठाला ते एकदा घालून पाहू द्यावे. ज्याने आयुष्यात कधी अंगावर असले काही चढवलेले नाही, त्याला ते पहिल्यांदा गळ्यात अडकवताना गुदमरल्यासारखे होते. दुसऱ्यांदा तसे होत नाही. गावाकडेच हा अनुभव द्यायचा असेल तर रामटेकजवळच्या खिंडसी तलावावरील नौकाविहार सोयीचा आहे. तिथले जॅकेट आणि समुद्रावरील जहाजाचे जॅकेट यांत फरक असतो, पण छाती आवळली जाण्याची आणि मान वळवता न येण्याची ओळख तिथे होते.

जहाजावरील जॅकेटची मापे वजन व उंची यांवर ठरलेली असतात, त्यांतील वजनाचे टप्पे असे: ४३ किलो व त्याहून अधिक वजनाला प्रौढांचे, १५ ते ४३ किलोच्या आत मुलांचे आणि १५ किलोच्या आत तान्ह्यांचे. आपल्याकडील एक गोष्ट जहाजावरच्या लोकांच्या लक्षात येण्याजोगी नाही. आयुष्यभर निंदण-खुरपण व कापूस वेचणी केलेल्या कित्येक वृद्ध बायांचे वजन चाळीस किलोच्या आतबाहेर असते. वयाकडे पाहून त्यांच्या हाती प्रौढांचे जॅकेट दिले जाते, ते अंगावर सैल राहते, आणि पाण्यात सैल जॅकेट वर सरकून चेहऱ्याला अडथळा करते. म्हणून निघण्यापूर्वी सर्वांचे वजन करून कागदावर लिहून घ्यावे, आणि ४३ किलोच्या आतील व्यक्तीसाठी योग्य जॅकेट कोणते हे तिच्यासमोर कर्मचाऱ्याला विचारून ते बसते का ते पाहावे. फार स्थूल व्यक्तींनीही संकोच न करता विचारावे. १४० किलोपर्यंतच्या माणसालाही जॅकेट बसेल अशी सोय ठेवणे जहाजाला बंधनकारक आहे.

पोशाखाविषयी माझा आग्रह असा की, आजीला केवळ सरावासाठी सलवार-कमीज घालायला लावू नये. सवय नसलेला कपडा हीदेखील एक गैरसोयच असते. नऊवारी लुगड्याचा काष्टा जिन्यावर उलट बरा पडतो, कारण पाय मोकळे राहतात. सहावारी साडी असेल तर ती घोट्याच्या किंचित वर नेसावी, निऱ्यांना पिन लावावी आणि पदर खांद्यावरून पुढे आणून कमरेला खोचावा. मोकळा पदर जॅकेटच्या पट्ट्यात गुंतला की जॅकेट काढता-घालताना तारांबळ उडते. मानेवरचा घट्ट अंबाडा जॅकेटच्या मागच्या भागावर टेकून डोके पुढे ढकलतो, त्यापेक्षा त्या दिवशी वेणी घालून ती एका बाजूला घ्यावी. पोत व मंगळसूत्र आत सरकवावे. धोतर नेसणाऱ्यांनी सोगा लोंबता ठेवू नये आणि खांद्यावरचा शेला खोलीतच ठेवावा. पायात गुळगुळीत तळाची चप्पल नको. मागून पट्टा असलेली सँडल किंवा कापडी बूट बरे. चष्म्याला दोरी बांधावी.

जॅकेट अंगात चढवताना आधी डोके आत घालावे, मग पट्टा कमरेभोवती फिरवून अडकवावा आणि दम लागणार नाही इतपत पण हलणार नाही असा ओढावा. पट्टे लोंबत ठेवून जिना चढू-उतरू नये. त्यात पाय अडकून पडणे ही सरावातली खरी जोखीम आहे. जॅकेटवरील शिट्टी व दिवा कुठे आहे हे बोटाने चाचपून पाहावे.

सराव सुरू झाल्यावर

भोंगा वाजला की गर्दी एकदम जिन्याकडे लोटते. ज्येष्ठांनी पाचेक मिनिटे आधीच स्टेशनकडे निघावे, म्हणजे धक्काबुक्की होत नाही आणि बसायची जागा मिळते. प्रत्यक्ष आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, म्हणून सरावातही ती सहसा बंद असते किंवा टाळायला सांगतात. ज्यांना जिना अशक्य आहे त्यांनी आधी कळवलेले असल्यास कर्मचारी त्यांना वेगळ्या मार्गाने नेतात. जिन्यावर कठड्याच्या बाजूने चालावे, एक सोबती पुढे आणि एक मागे असावा. हात धरून ओढू नये, माणसाला स्वतःच्या गतीने उतरू द्यावे.

स्टेशन कधी नाट्यगृहात वा भोजनगृहात असते, कधी उघड्या डेकवर लाइफबोटींखाली. आतले स्टेशन असेल तर फारसा प्रश्न नाही. उघड्या डेकवर मात्र आपल्या लोकांना एक वेगळा त्रास होतो. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हाळ्याला सरावलेली माणसे मुंबईच्या ३२ अंशांना मोजत नाहीत, परंतु समुद्रावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, वरून जाड जॅकेट अंगाला चिकटते, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या घेरी येते. म्हणून सावलीची बाजू मागावी, शक्य असेल तर भिंतीला टेकावे, पाय अधूनमधून हलवावेत, घोट घोट पाणी प्यावे. डोळ्यांपुढे अंधारी येताच सोबत्याने हात वर करून कर्मचाऱ्याला बोलवावे आणि त्या व्यक्तीला तिथेच खाली बसवावे. सराव संपेपर्यंत कळ काढण्यात शहाणपण नाही. खुर्ची मागण्यात लाज नाही. प्रत्येक स्टेशनवर भडक रंगाचे जॅकेट किंवा टोपी घातलेले कर्मचारी याच कामासाठी उभे असतात.

लग्नाच्या वऱ्हाडाची बस सुटण्यापूर्वी माणसे मोजतात तशी इथे कार्डे तपासून माणसे मोजली जातात, आणि एक जण गैरहजर राहिला तरी बाकीच्या सर्वांना ताटकळावे लागते. मागे राहिलेल्याला शोधायला कुटुंबातील माणसाने स्वतः धावू नये, कर्मचाऱ्याला सांगावे. सूचना इंग्रजीत व हिंदीत होतात. त्या चालू असताना मराठीत समजावत बसले तर ना स्वतःला ऐकू येते ना शेजाऱ्याला. त्यापेक्षा खोलीतील टीव्हीवर दाखवली जाणारी सुरक्षा-चित्रफीत सरावाआधी सोबत बसून पाहावी आणि त्याच वेळी अर्थ सांगावा. लहान मुलांच्या मनगटावर स्टेशनचे अक्षर लिहिलेला पट्टा काही जहाजांवर बांधतात. मुले खेळघरात असताना भोंगा वाजला तर त्यांना आई-बापांकडे आणतात की थेट स्टेशनवर नेतात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, नाहीतर आजोबा नातवाला शोधायला उलट्या दिशेने निघतील.

२०२० नंतर काही कंपन्यांनी सगळ्यांना एकदम जमवण्याऐवजी प्रत्येकाने फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत पाहायची आणि मग आपल्या सोयीच्या वेळी स्टेशनवर जाऊन नोंद करायची, अशी पद्धत आणली. ज्येष्ठांसाठी ती फार चांगली आहे, कारण उभे राहणे, गर्दी आणि उकाडा तिन्ही टळतात. तिच्यात एकच धोका आहे: नातू आजीच्या फोनवर चित्रफीत चालू करून बाजूला ठेवतो आणि ती संपली की बटण दाबून मोकळा होतो. तसे करू नये. चित्रफीत थांबवत थांबवत आजीला दाखवावी आणि स्टेशनवर गेल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याला तिच्यासमोर दोन प्रश्न विचारावेत: जॅकेट कुठे मिळेल, आणि हिला जिना उतरता येत नाही, तर त्या वेळी कोण येईल.

त्याच संध्याकाळी

सराव आटोपला की बहुतेक लोक जेवणाकडे वळतात. त्याआधी दहा मिनिटे काढून ज्येष्ठांना खोलीपासून स्टेशनपर्यंत पुन्हा एकदा, या वेळी सावकाश चालवावे. वाटेत किती वळणे आहेत, कुठला जिना आहे, हिरव्या फलकावरचे बाण कुठे दिसतात हे दाखवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कार्डावरचे अक्षर आणि भिंतीवरचे अक्षर एकमेकांशेजारी धरून ओळखायला सांगावे. कॉरिडॉरमध्ये जमिनीलगत उजळणारी पट्टी असते. धूर वर साचला तरी ती खालून दिसावी यासाठी ती तिथे लावलेली असते, आणि कमी दिसणाऱ्यांना तिचा विशेष उपयोग होतो. परतल्यावर रोजच्या गोळ्या, चष्मा, कानाचे यंत्र आणि एक गरम कपडा एका लहान पिशवीत घालून ती पलंगाजवळ, अंधारातही हात पोहोचेल अशा जागी टांगावी.

पुढील दिवसांत भोंगा पुन्हा ऐकू येऊ शकतो, हेही त्यांना सांगून ठेवावे. प्रवासी जहाजांवर कर्मचाऱ्यांचा स्वतःचा सराव दर आठवड्याला होतो, पुष्कळदा जहाज बंदरात उभे असताना, आणि त्यात प्रवाशांनी भाग घ्यायचा नसतो. तो केवळ कर्मचाऱ्यांसाठी असल्याची घोषणा आधी होते. ती कळली नाही तर रिसेप्शनला फोन करून विचारावे. घोषणा झालेली नसताना सात आखूड व एक लांब असा आवाज आला, तर मात्र पिशवी घेऊन, पायात सँडल चढवून, थेट स्टेशनवर जावे.